म्हातारं मांजर कोण नेणार?

निवाऱ्यात मांजर न्यायला आलेला माणूस आधी पिल्लांपाशी थांबतो आणि बहुतेक वेळा तिथेच रमतो. पिल्लू जाळीला पंजे लावतं, बोटाशी खेळतं, ओरडून बोलावून घेतं. दोन पिंजरे पलीकडे दहा-अकरा वर्षांचं मांजर पाठमोरं बसलेलं असतं. ते कुठे बसलंय हे नीट पाहण्यासारखं आहे. पुष्कळदा ते वाळूच्या ट्रेमध्ये बसलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, हे मांजर घाणेरडं आहे, किंवा वयामुळे त्याला काही कळेनासं झालंय. पण त्या अडीच फुटांच्या पिंजऱ्यात चारी बाजूंनी कड असलेली, अंग थोडं तरी झाकेल अशी तेवढी एकच जागा असते. घाबरलेल्या मांजराला पळता आलं नाही तर ते लपतं, आणि लपायला जागा नसेल तर मिळेल त्या आडोशाला अंग चोरून बसतं. केस विस्कटलेले असतात, कारण ताणाखालचं मांजर अंग चाटायचं सोडून देतं. डोळ्याला पाणी येत असतं. आलेला माणूस पाटीवरचं वय वाचतो, ‘बिचारं’ म्हणतो आणि पिल्लांकडे परत वळतो. त्याला निर्दय ठरवून काही साधणार नाही. समोर जे ठेवलंय त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष स्वाभाविक आहे. माझं म्हणणं असं की म्हाताऱ्या मांजराचं घर अडतं ते वयापेक्षा दोन गोष्टींपाशी: त्या मांजराबद्दल नक्की काय माहीत आहे हे निवारा सांगत नाही, आणि पुढच्या आजारपणाचा सगळा भार नेणाऱ्याच्या अंगावर टाकून मोकळा होतो. या दोन गोष्टी बदलता येतात.

आधी ‘म्हातारं’ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनांनी २०२१ मध्ये मांजराच्या आयुष्याचे टप्पे नव्याने ठरवले. त्यानुसार सहा वर्षांपर्यंतचं मांजर तरुण, सात ते दहा वर्षांचं प्रौढ आणि दहाच्या पुढचं ज्येष्ठ. ज्येष्ठ मांजराची तपासणी निदान सहा महिन्यांनी एकदा व्हावी, असंही त्यात म्हटलंय. आता आयुर्मान. इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांजरांच्या मृत्यूचं मध्यक वय १४ वर्षं निघालं. तिथल्याच २०२४ च्या अभ्यासात जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान ११.७ वर्षं आलं. हा दुसरा आकडा वाचून दहा वर्षांच्या मांजराची पावणेदोन वर्षंच उरली, असा हिशेब कुणी करील, तर तो चुकेल. जन्माच्या वेळच्या सरासरीत गाडीखाली गेलेली, पिल्लूपणीच साथीत दगावलेली सगळी मांजरं धरलेली असतात. जे मांजर दहाव्या वर्षापर्यंत पोचलं ते या सगळ्यातून वाचलेलं असतं, आणि त्याचं उरलेलं आयुष्य या वजाबाकीपेक्षा जास्त असतं. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातलं क्रीम पफ नावाचं मांजर ३८ वर्षं जगलं. तो अपवादच, आणि त्यावर कुणी बेत आखू नये. पण घरात राहणारं, नसबंदी झालेलं मांजर पंधरा-सोळा वर्षं जगलं तर त्यात नवल काहीच नाही. शिवाय आपल्याकडे पाटीवरचं वय बहुतेकदा अंदाजाचं असतं. पिल्लाचं वय दातांवरून आठवड्यांच्या फरकाने सांगता येतं. पाच-सहा वर्षांच्या पुढे मात्र दातांवरचं कीटण, बुबुळाचा रंग, अंगावरचं मांस यांवरून डॉक्टर ठोकताळा बांधतात. दात खराब असलेलं सात वर्षांचं मांजर ‘बारा वर्षं’ अशी पाटी घेऊन बसलेलं असू शकतं.

मुंबई-पुण्याच्या निवाऱ्यांत ही मांजरं येतात कुठून? रस्त्यावरचं मांजर या वयाला क्वचितच पोचतं. म्हणजे निवाऱ्यातलं म्हातारं मांजर हे बहुधा कुणाच्या तरी घरातलं असतं, आणि त्याचं घर एका दिवसात गेलेलं असतं. इमारत पुनर्विकासाला जाते, भाड्याच्या तात्पुरत्या जागेत घरमालक मांजर चालवून घेत नाही. एकटी राहणारी आजी वारते, मुलं परदेशातून पंधरा दिवसांसाठी येतात आणि त्या पंधरा दिवसांत फ्लॅट, बँक, लॉकर आणि मांजर या सगळ्यांचा निकाल लावायचा असतो. घरात बाळ येणार असतं आणि कुणीतरी भीती घालतं. मांजरं का सोडली जातात याची अमेरिकेत निवाऱ्यांमधून पद्धतशीर विचारणा झाली, तेव्हा घरात फार जनावरं असणं, ॲलर्जी, घर बदलणं, खर्च आणि घरमालक हीच कारणं वरच्या क्रमांकांवर आली. मांजराचा स्वतःचा दोष म्हणता येईल अशी कारणं यादीत खाली होती. आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत गाई-म्हशींपासून सशांपर्यंत आणि कुत्र्यांचीही मोजणी आहे. मांजरांचा रकानाच नाही. कायद्यात मात्र मांजर आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातल्या अकराव्या कलमानुसार, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. सोसायटीने ठराव करून पाळीव जनावरांवर बंदी घालू नये, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. तरीही ‘सोसायटी परवानगी देत नाही’ हे मांजर सोडणाऱ्याच्या तोंडचं हुकमी वाक्य आहे, आणि ते परिपत्रक त्या माणसाच्या हातात ठेवलं तर काही मांजरं निवाऱ्यात येणारच नाहीत.

या प्रश्नाला आपल्या मातीत एक जुनं उत्तर आहे, पांजरपोळ. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाजासह शहरातले लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि व्यापारी मंडळींनी भुलेश्वरला पांजरपोळ उभी केली. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या अत्याचाराविरुद्धची सोसायटी मुंबईत स्थापन झाली. पांजरपोळीमागचा विचार साधा आणि मोठा होता: निरुपयोगी झालं म्हणून जनावर मारायचं नाही, विकायचं नाही, त्याच्या शेवटापर्यंत सांभाळायचं. पाश्चात्त्य देशांतला निवारा दुसऱ्या विचारावर चालतो. तिथे आलेलं जनावर पुढे कुणाच्या तरी घरी गेलं पाहिजे, जागा सतत रिकामी होत राहिली पाहिजे. या विचारातून लाखो मांजरांना घरं मिळाली, आणि याच विचारामुळे २०१९ च्या अंदाजानुसार अमेरिकेत वर्षाला सुमारे ५,३०,००० मांजरं निवाऱ्यांत मारली गेली. जागा अपुरी पडली की मागे राहिलेल्यांवर पाळी येते. पांजरपोळ मारत नाही, पण ती गाईचा विचार करून घडलेली व्यवस्था आहे. गाय कळपात राहते, तिला दुसऱ्या गाईंचा आधार वाटतो. मांजर हे एकट्याने शिकार करणाऱ्या, आपला इलाखा वासाने आखून घेणाऱ्या जनावराच्या वंशातलं. तीस अनोळखी मांजरांच्या खोलीत त्याला पोटभर खायला घातलं तरी जिवाला स्वस्थता मिळत नाही. म्हणून मला वाटतं की दोन्हींकडून अर्धं अर्धं घ्यावं. जबाबदारी पांजरपोळीसारखी, म्हणजे शेवटपर्यंत संस्थेची, आणि छप्पर मात्र घराचं.

यावर निवारा चालवणारे, आणि त्यांतले पुष्कळ फार मायेने चालवणारे, म्हणतात: आता या वयात त्याला कशाला हलवायचं? इथे सवय झालीय, राहू दे शेवटपर्यंत. हा आक्षेप प्रेमापोटी येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. मांजराला सर्दीसारखा आजार देणारा हर्पीस विषाणू एकदा अंगात शिरला की बहुधा जन्मभर दबून राहतो आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. निवाऱ्यातल्या वाहत्या डोळ्यांमागे आणि शिंकांमागे पुष्कळदा हेच असतं. नाक बंद झालं की वास येत नाही, आणि वास आला नाही की मांजर खात नाही. म्हाताऱ्या, त्यातून जाड मांजराने दोन-चार दिवस अन्न सोडलं तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि त्यातून जीव जाऊ शकतो. ‘रुसलंय, खाईल उद्या’ असं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नव्हे. दुसऱ्या बाजूने, ताण कमी करायला काय लागतं तेही पाहा. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात एक प्रयोग झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोका मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांतच लक्षणीयरीत्या शांत झाली. बटाट्याच्या वेफर्सचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका, एका बाजूने कापलेला, एवढंच ते साधन. सुरुवातीला ज्या मांजराचं चित्र पाहिलं ते ट्रेमधून उठून खोक्यात बसेल आणि खोक्याच्या तोंडाशी येऊन बाहेर बघू लागेल, तेव्हा न्यायला आलेल्या माणसाला वेगळंच मांजर दिसेल. पण खोका हा पिंजऱ्यावरचा उपाय आहे, घराची जागा तो घेऊ शकत नाही. म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत निवाऱ्यातला प्रत्येक महिना त्याच्या तब्येतीतून वजा होतो आणि त्याला घर मिळणं आणखी अवघड करतो.

दुसरा आक्षेप घराघरांत ऐकू येतो: कुत्रं माणसाला धरतं, मांजर घराला धरतं. मग दहा वर्षं एका घराला धरून राहिलेलं मांजर दुसऱ्या घरात काय रमणार? यात निम्मं खरं आहे. जागा, वास, ठरलेली वेळ यांना मांजर फार धरून असतं, आणि ते तुटलं की हवालदिल होतं. उरलेलं निम्मं मात्र तपासून पाहिल्यावर टिकलेलं नाही. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी, लहान मुलं आईवडिलांना किती धरून असतात हे पाहण्याची जी चाचणी आहे तीच मांजरांवर करून पाहिली. अनोळखी खोलीत माणूस मांजराला सोडून जातो, थोड्या वेळाने परत येतो, मग मांजर काय करतं? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६४.३ टक्के पिल्लं आणि ६५.८ टक्के मोठी मांजरं परत आलेल्या माणसापाशी येऊन निश्चिंत झाली आणि मग खोली हुंगायला लागली. म्हणजे अनोळखी जागेत माणूस हाच त्यांचा आधार होता. त्याच विद्यापीठातल्या २०१७ च्या प्रयोगात खाणं, खेळणं, वास आणि माणसाचा सहवास यांतून निवड करायला दिली तेव्हा निम्म्या मांजरांनी माणूस निवडला, आणि त्या प्रयोगात घरातल्यांबरोबर निवाऱ्यातली मांजरंही होती. तेव्हा मांजर नवं घर धरतं ते नव्या माणसाच्या हाताने. त्यासाठी पहिले दोन आठवडे त्याला सगळं घर दाखवत फिरायचं नसतं. एक खोली, एक खोका, जुन्या जागेतली न धुतलेली एक चादर, ठरलेल्या वेळी तेच खाणं, आणि जमिनीवर शांत बसलेला माणूस. मांजराकडे टक लावून न बघता डोळे हळू मिटून उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात अशा माणसाला मांजरांनी तशीच डोळे मिटून साद दिली, आणि अनोळखी माणसाकडेही ती जास्त गेली.

आता खरा आक्षेप: आजारपण आणि पैसा. इथे सारवासारव करून चालणार नाही. दहा वर्षांवरच्या मांजरांत किडनीचा जुनाट आजार साधारण तीस ते चाळीस टक्क्यांना असतो असं मानलं जातं. थायरॉइड वाढण्याचा आजार मांजरांत पहिल्यांदा १९७९ मध्ये नोंदला गेला आणि आता तो म्हाताऱ्या मांजरांच्या नेहमीच्या आजारांत धरला जातो. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासलेल्या २००२ च्या अभ्यासात नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली. दात तर बहुतेकांचे दुखरे असतात. ही यादी वाचून माणूस मागे सरेल हे उघड आहे, आणि म्हणूनच कित्येक निवारे ती सांगायचीच टाळतात, ‘वयाच्या मानाने ठणठणीत’ एवढं लिहून देतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते. न सांगितलेला आजार घरी गेल्यावर महिन्याभरात दिसतोच, माणसाला फसवल्यासारखं वाटतं, मांजर परत येतं, आणि तो माणूस पुन्हा कधी निवाऱ्याची पायरी चढत नाही. उलट आजाराला नाव, टप्पा आणि आकडा मिळाला की भीतीची जागा हिशेब घेतो. किडनीच्या आजाराचंच बघा. निदानापासून मांजरं किती जगली याचा २००८ मध्ये अभ्यास झाला. दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात निदान झालेल्यांचं मध्यक १,१५१ दिवस निघालं, तिसऱ्या टप्प्यात ७७८, आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात १०३. ‘किडनीचं मांजर’ या एका शब्दाखाली तीन वर्षं आणि तीन महिने इतकी वेगळी आयुष्यं झाकली जातात. कोणतं आयुष्य आपल्याला घरी न्यायचंय, हे रक्ताची एक तपासणी आणि लघवीची एक तपासणी सांगू शकते.

सांभाळणं म्हणजे रोज काय करायचं, हेही दाखवून द्यायला हवं, कारण लोक भितात ते बहुधा सुईला. पुढच्या टप्प्यातल्या किडनीच्या मांजराला घरीच कातडीखाली सलाइन देतात. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाला सोसेल इतपत करायची आणि खिडकीच्या गजाला टांगायची. मांजराला टॉवेलवर घ्यायचं. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर उचलायची, त्या तंबूच्या पायथ्याशी सुई सरकवायची आणि नळीची चकती सैल करायची. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं शंभर मिली वगैरे पाणी पाच-दहा मिनिटांत जातं. तेवढ्यात मांजराला चमच्याने काही चाटायला दिलं तर पुष्कळ मांजरं हलत नाहीत. कातडीखाली मोसंब्याएवढा फुगवटा येतो, कधी तो पुढच्या पायाकडे उतरतो, आणि काही तासांत जिरतो. दवाखान्यात दोनदा करून दाखवलं की साठीचा माणूसही हे शिकतो. सांधे धरलेल्या मांजरासाठी तर औषधाआधी घर हलवावं लागतं: ट्रेची एक कड तळहाताएवढी खाली कापायची, खिडकीशी चढायला एक पाट ठेवायचा, पाणी आणि खाणं जिन्याच्या एकाच बाजूला. मांजर ट्रेबाहेर करायला लागलं की ‘म्हातारपणी खोड लागली’ असं म्हणतात. कित्येकदा ती फक्त कड उंच असल्याची तक्रार असते. आणि एक गोष्ट नेणाऱ्याला लेखी द्यावी, इतकी ती महत्त्वाची आहे. दुखतंय म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही द्यायची नाही. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

पिल्लाशी तुलना केली तर हा हिशेब आणखी स्पष्ट होतो. पिल्लू स्वस्त वाटतं, पण त्याच्या लशी, नसबंदी, पहिल्या वर्षातली साथीची भीती, फाटलेले पडदे हे सगळं पुढे असतं, आणि मोठं होऊन ते कसं निघेल हे कुणालाच ठाऊक नसतं. मांडीवर बसणारं की कपाटावर राहणारं, मुलांना ओरबाडणारं की सोसून घेणारं, हे दीड-दोन वर्षांनी कळतं. म्हाताऱ्या मांजराचं सगळं समोर असतं. घरात बाळ येणार म्हणून ज्यांना टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची धास्ती असते त्यांनीही हे लक्षात घ्यावं: मांजर त्या परजीवीची अंडी विष्ठेतून टाकतं ते बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतरचे एक-दोन आठवडे, आणि हा पहिला संसर्ग साधारणपणे लहान वयात, शिकार किंवा कच्चं मांस खाताना होतो. घरात राहणारं, शिजवलेलं किंवा पाकिटातलं खाणारं म्हातारं मांजर त्या बाबतीत पिल्लापेक्षा कमी धोक्याचं. गरोदर बाईने ट्रे साफ करू नये, तो दुसऱ्या कुणी रोजच्या रोज साफ करावा, हा नियम मात्र सगळ्यांना लागू.

तेव्हा निवाऱ्याने पहिलं काम करायचं ते कागदाचं. आज जाहिरातीत म्हाताऱ्या मांजराचं वर्णन कसं असतं? ‘प्रेमाला भुकेलेला जीव, शेवटच्या दिवसांत हक्काचं घर शोधतोय.’ हे वाचून डोळ्यांत पाणी येतं आणि बोट पुढच्या फोटोकडे सरकतं, कारण दुःख पुरेसं कळतं पण मांजर कळत नाही. त्याऐवजी समजा असं लिहिलं: ‘वय अंदाजे ११, नसबंदी झालेली मांजरी. वजन जानेवारीत ३.९ किलो, एप्रिलमध्ये ३.८. किडनीच्या आजाराचा दुसरा टप्पा, सध्या फक्त खाणं बदललंय. मागच्या दोन दाढा काढल्यात. उचलून घेतलेलं चालत नाही, पण शेजारी येऊन टेकते. मिक्सरला घाबरते. सकाळी साडेसहाला खाणं मागते.’ यात काहीही गोड केलेलं नाही, आणि तरी साडेसहाला उठणाऱ्या, मिक्सर स्वयंपाकघराचं दार लावून चालवणाऱ्या एखाद्या घराला ते आपलं मांजर वाटू शकतं. वजनाचा आकडा या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका. किडनीचा आजार निघालेल्या मांजरांच्या जुन्या नोंदी २०१६ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा निदानाच्या तीन वर्षं आधीपासून त्यांचं वजन उतरू लागलं होतं आणि शेवटच्या वर्षात मध्यक ८.९ टक्के घटलं होतं. भाजीवाल्याच्या काट्याने नव्हे, बाळांच्या डिजिटल काट्याने महिन्याला एकदा मांजर मोजायचं आणि तारीख घालून त्याच्या कार्डावर लिहायचं. हे काम मदतीला येणारी कॉलेजची पोरंही करू शकतात.

दुसरं काम पैशाचं, आणि तिथे निवारे चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. म्हाताऱ्या मांजराची दत्तक फी माफ करतात. ते वाईट नाही. फुकट मिळालं म्हणून माणूस त्याची किंमत करणार नाही ही शंका २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात तपासली गेली, आणि फी भरून नेणाऱ्यांत व माफीत नेणाऱ्यांत मांजराविषयीच्या ओढीत फरक आढळला नाही. पण माणूस अडतो तो दारातल्या हजार रुपयांपाशी नाही, तो पुढच्या न दिसणाऱ्या बिलापाशी अडतो. म्हणून मांजर घरी जावं आणि त्याच्या मोठ्या आजारपणाची जबाबदारी संस्थेकडे राहावी: तपासण्या, किडनी-थायरॉइडची औषधं, दातांचं काम, ठरलेल्या दवाखान्यात. खाणं, वाळू आणि माया घराने द्यायची. परदेशांत कायमचं फॉस्टर म्हणून ही पद्धत रुळली आहे. ‘आमच्याकडे एवढा पैसा कुठे?’ असं संस्था विचारते. पण ते मांजर पिंजऱ्यात राहिलं तरी हाच खर्च तिलाच करायचा असतो, वर खाणं, जागा आणि सफाईचा पगार. मांजर घरी गेलं तर खर्च कमी होतो आणि एक पिंजरा मोकळा होतो. जास्त अवघड प्रश्न दुसरा आहे. संस्था शेवटपर्यंत सांभाळते हे कळलं की लोक आपली म्हातारी मांजरं बिनधास्त आणून टाकतील, त्याचं काय? काही जण टाकतील, हे मी नाकारत नाही. पण पन्नास रुपयांच्या दंडाची ज्यांना भीती नाही ते आजही रात्री गेटपाशी पिशवी ठेवून जातातच. निदान समोर येऊन मांजर देणाऱ्याकडून त्याच्या सवयी, जुनी औषधं, डॉक्टरांचं नाव आणि ऐपतीप्रमाणे एकदाची रक्कम घेता येते. मांजराच्या आयुष्याची सगळ्यात चांगली माहिती त्याच माणसाकडे असते, आणि त्याला खडे बोल सुनावून हाकलल्यावर ती त्याच्याबरोबरच जाते.

मग हे घर कुणाचं? साठी-पासष्टीच्या माणसांना दत्तक नाकारणारे निवारे आहेत, ‘तुमच्यानंतर कोण बघणार’ म्हणून. सहा महिन्यांचं पिल्लू मागणाऱ्या सत्तरीच्या जोडप्याला हा प्रश्न विचारणं रास्त आहे, ते पंधरा-सतरा वर्षांचं काम आहे. अकरा वर्षांच्या मांजरासाठी तोच प्रश्न तितका जड राहत नाही. कोथरूडला, डोंबिवलीला, ठाण्याला अशी कितीतरी घरं आहेत जिथे मुलं शहराबाहेर किंवा देशाबाहेर आहेत, दुपार लांब आहे आणि पिल्लामागे धावायची ताकद नाही. दिवसभर घरात असणारा, औषधाची वेळ न चुकवणारा, आवाज न करणारा माणूस म्हाताऱ्या मांजराला लागतो, आणि तो तिथे आहे. ‘तुमच्यानंतर’ची सोय मात्र कागदावरच हवी. ब्रिटनमध्ये १९८५ पासून सिनॅमन ट्रस्ट ही संस्था वृद्ध आणि असाध्य आजारी माणसांच्या पाळीव जनावरांसाठी काम करते. माणूस आजारी पडला तर मदतनीस येतात, वारला तर आधी ठरल्याप्रमाणे जनावर सांभाळलं जातं. १९२७ पासूनची कॅट्स प्रोटेक्शन ही संस्थाही मालकाच्या पश्चात मांजराची जबाबदारी घेण्याची नोंदणी करून घेते. आपल्याकडे हे फॉर्मवरच्या एका ओळीत सुरू होऊ शकतं: दुसऱ्या पालकाचं नाव, त्याची सही, आणि तोही नसेल तर मांजर संस्थेकडे परत.

घराची पारख करताना बाकीची चौकशी थोडी आवरावी असं मला वाटतं. पगार, लग्न, स्वतःचं घर की भाड्याचं, या प्रश्नांनी चांगली माणसं बिथरतात. खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी ही एक अट न सोडण्याजोगी आहे. म्हातारं मांजरही कबुतरामागे झेपावतं आणि त्याचा तोल आता पूर्वीसारखा राहिलेला नसतो. दुसरा प्रश्न खाण्याचा, आणि तो आपल्याकडे संकोच न करता विचारावा लागतो. घरात मांसमच्छी चालते का? मांजर हे मांसावरच जगणारं जनावर आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच पुरेसा मिळतो, आणि तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये दाखवला गेला. दूधभातावर ठेवलेलं मांजर दिसायला जगतं, आतून झिजतं. शाकाहारी घराला याच कारणासाठी नकार द्यायची गरज नाही. पाकिटातलं तयार खाणं, वेगळी वाटी, वेगळा चमचा एवढ्यावर पुष्कळ घरं तयार होतात. पण ती तयारी मांजर जाण्याआधी झाली पाहिजे.

सगळ्यात जड बोलणंही आधीच व्हायला हवं. मांजराने काही दिवस खाल्लं नाही, ते स्वतः उठून ट्रेपर्यंत जाऊ शकलं नाही, श्वासाला त्रास होऊ लागला तर काय करायचं? डॉक्टरांच्या हातून त्याला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णय कुणी घ्यायचा, रात्री फोन कुणाला लावायचा, नंतर त्याला कुठे न्यायचं? ही उत्तरं ठरलेली असतील तर नेणारा माणूस जास्त धीराने हो म्हणतो, कारण त्या रात्री तो एकटा नसणार हे त्याला माहीत असतं. ती त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला लिहावीत, दवाखान्याच्या नंबराखाली, आणि कार्ड मांजराबरोबर घरी द्यावं. वजनाच्या रकान्यातल्या वरच्या नोंदी निवाऱ्यातल्या असतील. खालच्या ओळी रिकाम्या ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या महिन्याची तारीख आणि आकडा घरातलं माणूस आपल्या अक्षरात भरील.